नीलम्माच्या विहिरीवर बांबू परत रोवू देणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
नागरी जलसफर कक्ष, सोलापूर.

अर्जदार : जगदेवी शिवशरण कोळी, वय ६१, धंदा मासेमारी, रा. चिंचतळ्याकाठी, सोलापूर.

विषय : खुणेचा बांबू रोवण्यासाठी अर्जदारास एक तास चिंचतळ्यात उतरू देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची दि. १६ फेब्रुवारी २०२६ ची नोटीस (अर्जदाराच्या ट्यूबवर चिकटवलेली).

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नाही. ती सांगते आहे आणि तिची भाचसून वैष्णवी लिहिते आहे. मध्येच भाषा घसरली तर तो दोष अर्जदाराच्या रागाचा समजावा, लिहिणारीचा नव्हे.

१) अर्जदार चाळीस वर्षे ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून या तळ्यात जाळे टाकते. गेल्या दिवाळीनंतर आपल्या कक्षाचे उदयसिंह साहेब तिच्या दारात आले. शहरातल्या लोकांनी कयाकमध्ये बसून, वल्हे मारत काठाकाठाने सोलापूर बघायचे, त्यासाठी पाण्यातली वाट आखायची आहे, असे म्हणाले. तळे तुमच्याइतके कुणाला ठाऊक नाही, असेही म्हणाले. अर्जदार भोळी. बारा दिवस तिने साहेबांना तळे फिरवून दाखवले. गाळ कुठे, खडक कुठे, बाभळीची खोडे कुठे, सगळे सांगितले. साहेबांनी तिच्या ओट्यावर बसून ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आणि "मावशी, नकाशावर पहिलं नाव तुमचं," असा शब्द दिला.

२) शेवटच्या दिवशी अर्जदाराने नीलम्माची विहीर दाखवली. तळे वाढवले तेव्हा नीलम्माचे शेत विहिरीसकट बुडाले. मोटेचे दोन दगडी खांब अजून उभे आहेत आणि फेब्रुवारीत ते पाण्याखाली जेमतेम वीतभर असतात, वरून दिसत नाहीत. खाली तुटक्या जाळ्यांचा गुंता आहे. जुन्या गिरणीचे धुराडे आणि पाण्याची टाकी एका रेषेत दिसली, की आपण विहिरीवर आलो, लगेच मागे फिरायचे, ही आम्हा लोकांची खूण. साहेबांनी ती अर्जदाराच्या डोळ्यांदेखत वहीत लिहून घेतली.

३) आता काठावर नकाशाचा मोठा फलक लागला आहे. वैष्णवीने वाचून दाखवला. त्यावर अर्जदाराचे नाव पहिले नाही, शेवटचेही नाही. विहिरीचा तर उल्लेखच नाही. मात्र नेमक्या त्या जागी 'फोटो थांबा' असे छापले असून, येथून धुराडे व टाकी एका रेषेत सुंदर दिसतात, असे खाली नमूद आहे. साहेब, मागे फिरायची खूण होती ती! तिथेच लोकांना थांबवायचे ठरवले, आता काय म्हणावे या अकलेला?

४) त्या जागी अर्जदाराने बांबू रोवून वर लाल फडके बांधले होते. एकोणीस वर्षांपूर्वी तिचे मालक शिवशरण त्याच जाळ्यांत पाय अडकून गेले. तेव्हापासून दर नागपंचमीला ती आपल्या लुगड्याचा पदर फाडून नवे फडके बांधते. गेल्या शनिवारी जाहिरातीचे चित्रीकरण झाले. बांबूने देखावा बिघडतो म्हणून तो उपटून फेकला. हुकूम उदयसिंह साहेबांचाच होता. अर्जदार काठावरून ओरडत होती. साहेबांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा मोबाईलमध्ये घातली. अर्जदाराला फार लागले ते हे.

५) सोमवारी नोटीस आली की ट्यूब ही 'अमान्य तरंगती वस्तू' असल्याने अर्जदारास पाण्यात उतरण्यास मनाई आहे. ती कार्यालयात गेली. परवान्यासाठी पाण्यातील अनुभवाचा दाखला आणा, असे सांगितले. दाखला कोण देणार? तर म्हणे उदयसिंह साहेब. साहेब बैठकीत आहेत. बुधवारी होते, गुरुवारी होते, आजही आहेत.

६) परवा रविवारी सकाळी सात वाजता सफरीचे उद्घाटन असून पहिल्या फेरीत शाळेची चाळीस मुले आहेत, असे कळते. फोटो थांब्यावर सगळी मुले आपापल्या नावा जवळ आणतील, एकमेकांकडे वळतील, हसतील.

सबब विनंती की, अर्जदारास उद्या एक तास पाण्यात उतरू द्यावे. बांबू तिचा, फडके तिचे, मजुरी नको. फलकावर नावही नको, ती हौस फिटली.

परवानगी न आल्यास अर्जदार रविवारी पहाटेच विनापरवाना उतरेल आणि लाल लुगडे नेसून, ट्यूबवर, बरोबर विहिरीवर बसून राहील. शेवटचे मूल काठाला लागेपर्यंत ती हलणार नाही. नंतर काय गुन्हा दाखल करायचा तो करावा. तूर्त सर्व मुलांना एवढी सूचना द्यावी की, समोर लाल म्हातारी दिसली की लगेच मागे फिरावे.

कळावे, तळ्याला आणि आपल्याला ओळखून असलेली,

आपली नम्र,
जगदेवी शिवशरण कोळी
(डाव्या हाताचा अंगठा)

सोलापूर, दि. २० फेब्रुवारी २०२६

सोबत :
१. नोटीस, ट्यूबवरून सोलून काढलेली.
२. लाल लुगड्याचा तुकडा, एक वीत. रविवारी ओळख पटावी म्हणून.