बिंदूताईचा आवाज

४ नोव्हेंबर, मंगळवार

कालची नोंद दुरुस्त करते. सिनेमातली तिची सगळी वाक्यं आत्याने स्वतः म्हटली, असं मी लिहिलं. तसं झालं नाही. शेवटची काही तिला जमली नाहीत, घसा बसला. "पाणी दे, आत्ता होते नीट," म्हणाली. झाली नाही. तिला नागरवाड्यात घरी सोडून मी सयाजीगंजला, नोकरी करते त्या स्टुडिओत परतले आणि ती वाक्यं मी म्हटली. चित्राशी वेळ जुळावी एवढ्यासाठीच. याला आमच्याकडे पायलट म्हणतात – खरा आवाज आला की तो पुसतात.

दमले होते म्हणून काल गाळलं, असं लिहिणार होते. ते खरं कारण नाही.

'सोळावा चंद्र' सिनेमा निघाला तेव्हा आत्या तिशीत होती. ती पडद्यावर दिसतच नाही. भरकटलेल्या अंतराळयानातला आवाज ती – बिंदूताई. दिसतो तो नुसता पिवळा दिवा. हवा संपत आलीये, माणसं रडतायत, आणि बिंदूताई विचारते, "आधी सांगा, जेवलात का?" अजून लोक भाजीबाजारात आत्याला अडवून हेच विचारतात. आता तो सिनेमा नव्याने होतोय. पोस्टरवर एवढंच आहे – बिंदूताई परत येतेय, त्याच आवाजात.

५ नोव्हेंबर

पायलटचं दिग्दर्शकाला, इंद्रनीलला सांगितलं. "हो हो, ठीक," म्हणाला. ऐकलं की नाही, कळलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज जोडलेला सिनेमा पाहिला. नुसती शेवटची वाक्यंच नाहीत, तर बिंदूताई सबंध माझ्या आवाजात आहे.

चित्रीकरणात नटांना समोर काहीतरी ऐकू यावं म्हणून ऑक्टोबरमध्ये मी पूर्ण पायलट केला होता. तोच ठेवलाय. आत्याचं एकही वाक्य नाही.

इंद्रनील म्हणाला, "दोन्ही लावून ऐकलं. आत्यांचा आवाज थकलाय गं. तुझा अगदी जुन्या सिनेमातला वाटतो."

"पण नाव आत्याचं जाणार ना?"

"मग? घराणं एकच आहे. गाण्यात चालतं, इथे का नाही?"

"गाण्यात शिष्या गायली तर शिष्येचं नाव लावतात."

"यशश्री, त्या नावावर सिनेमा उभा आहे."

आमचा ध्वनिमुद्रक विहंग यंत्रावर बसला होता. इंद्रनील गेल्यावर हळूच गुजरातीत म्हणाला, "जवा दो ने, यशूबेन." जाऊ द्या. याच विहंगने गेल्या वर्षी एका जाहिरातीत स्वतःचं नाव आलं नाही म्हणून दोन दिवस जेवणाचा डबा उघडला नव्हता.

मी इंद्रनीलला शेवटी "बरं" म्हणाले. म्हणायचं नव्हतं.

९ नोव्हेंबर

आवाज सारखा का, याचं आश्चर्य मला नाही. दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आईला नोकरी, बाबा रेल्वेत. आत्याने घरी शिकवलं. ती पापडीच्या शेंगा सोलायची आणि मी समोर बसून मोठ्याने वाचायचं. अर्थ तुटला की शेंग ताटात टाकून म्हणायची, "पुन्हा." त्यामुळे माझं बोलणं माझं नाहीच. निदान आजवर असंच धरून चालले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सिनेमाच्या कंपनीने त्यातला दीड मिनिटाचा तुकडा पाठवला. बाबांनी तो आत्याच्या टीव्हीवर लावला. शेजारचे फत्तेसिंहराव काका खास आले होते.

"ताई, आवाज तोच हां! काय खाता काय?"

"तुमच्या घरचं काही खात नाही, म्हणून टिकलाय."

सगळे हसले. आत्याने पदर सारखा केला आणि तुकडा परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा ऐकताना माझ्याकडे पाहत होती. मी चहा गाळायला गेले. इतकी खूश दिसली. हे तिच्याकडून काढून कसं घ्यायचं?

आणि नाही घेतलं तर ती मरेपर्यंत माझ्या आवाजाचं कौतुक स्वतःचं म्हणून ऐकणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बुधवारी, १९ तारखेला, आवाज आणि नावं दोन्ही पक्की होतील. मग काही बदलत नाही. २३ला इथल्या मराठी मंडळात बिंदूताई म्हणून आत्याचा सत्कार आहे.

स्टुडिओत एकटी असताना तिचं मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं. आवाज खरखरतो. "जेवलात का" विचारून ती थांबते, तेव्हा खरंच कुणी उत्तर देईल अशी वाट पाहिल्यासारखं वाटतं. गोष्टीत यान इतकी वर्षं भरकटलंय. मग आवाज म्हातारा झाला तर बिघडलं कुठे? हेच इंद्रनीलला म्हटलं. म्हणाला, "लोकांना परत आलेली बिंदूताई हवीय. म्हातारी झालेली नको."

ठरवलं. आत्याचाच आवाज घाला म्हणून हट्ट धरायचा आणि माझा पुसायला लावायचा. पण आधी तिला सांगायला हवं.

१५ नोव्हेंबर

नाही सांगितलं. तिच्याकडे जाऊन भाजी निवडून आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सांगायला तोंड उघडलं तर आत्याच म्हणाली, "तो आवाज तुझा आहे, हे मला ठाऊक आहे. मी शिकवलेलं मला ओळखू येणार नाही होय?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू चहा गाळायला पळालीस. मला वाटलं, पोरीला आवडलंय, मजा कशाला घालवा."

मी म्हटलं, पुसायला लावते, तुझाच घालायला सांगते.

"मुळीच नको. माझा घसा ऐकला मी, पुरे झाला. पुन्हा एकदा स्टुडिओतल्या खुर्चीत बसायची हौस होती, ती फिटली. माझं नाव काढ आणि तुझं घाल."

"आणि सत्कार?"

"शाली पुष्कळ आहेत माझ्याकडे."

खरं करायचं म्हणजे मी बाजूला व्हायचं – आठवडाभर एवढंच डोक्यात होतं. माझं नाव मागायचं, हे कधी मनातच आलं नाही. नोकरी जाईल कदाचित. मंगळवारी, १८ नोव्हेंबरला, इंद्रनील आला की मागणार आहे.