दोन्ही बाजूंचं वेगळं माप

आये,

सोमवारपासून कापड जमिनीवर पसरून ठेवलंय आणि अजून त्याला कात्री लावलेली नाही. कंट्रोलच्या दुकानापुढं रांगेत उभं राहून मिळालेलं जाडंभरडं पांढरं कापड आहे, एका पोलक्यापुरतं जेमतेम. चुकून वाया गेलं तर पुन्हा मिळायचं नाही. म्हणून नवं माप घ्यायला बसले होते, तू शिकवलंस तसं, दार लावून, आधी डावी बाजू, मग उजवी. उजव्या काखेच्या अलीकडं मापपट्टी दाबून धरली तेव्हा बोटाखाली काहीतरी सरकलं. वाटाण्याएवढं असेल. दुखत नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आत्ता दुपार आहे, तुझे जावई तंबाखूच्या वखारीत कामावर गेलेत, घरात मी एकटी. एवढं लिहिलं आणि उठून चुलीपाशी जाऊन आले, घासलेली भांडी पुन्हा घासली. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता इतकी वर्षं झाली. तरी लिहितेय, कारण ही गोष्ट बोलायला मला दुसरं कुणी सुचत नाही.

तुझी गाठ तू वर्षभर लपवलीस. शहापूरच्या आपल्या घरात पुढच्या सोप्यात आप्पांचा माग, मागच्या खोलीत तुझा चरखा. तू दिवसभर तिथं मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायचीस, डावा हात अंगाशी घट्ट धरून. दिवाळीला मी निपाणीहून माहेरी आले तेव्हा तुझ्याजवळ बसल्यावर वास यायला लागला. चोळीच्या आत तू फडकं धरून ठेवलं होतंस. मी विचारलं तर म्हणालीस, "उष्णता हाय गं. उतरंल." मी आप्पांना सांगितलं. त्यांनी माग थांबवला आणि तुला बैलगाडीत घातलं, मग रेल्वेत. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुझ्याकडं न बघता आप्पांकडं बघून विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" आप्पा तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. तुझी डावी बाजू काढून टाकली आणि महिन्याभरानं तू घरी आलीस. तुझ्यासाठी मी माहेरीच राहिले.

मला त्या दवाखान्यापेक्षा नंतरचं जास्त आठवतं. तुझ्या खणाच्या चोळ्या सगळ्या दोन बाजू सारख्या बेतलेल्या. खडेबाजारातला शिंपी जुन्या चोळीवरून नवी बेतायचा, तुझ्या अंगाला त्यानं कधी माप लावलं नव्हतं. आता त्या चोळ्या डावीकडं पोकळ लोंबायच्या. तू आत कापूस भरायला लागलीस. एकदा आळीत मागाच्या उभ्या सुताचा ताणा पसरला होता, घरोघरच्या बायका-पुरुष सुताला खळ लावत होते, आणि तू वाकलीस तशी कापसाची गुंडी चोळीतून निसटून सुतावर पडली. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मान खाली घातली, तेच वाईट होतं. तू ती गुंडी उचललीस, सुताला चिकटलेला कापूस एकेक करून वेचलास, ताणा संपेपर्यंत हात चालवलास आणि मग घरात आलीस. दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "चल, कॅम्पात जायाचं हाय."

कॅम्पात गोऱ्या अंमलदारांच्या मडमांचे झगे शिवणारी एक ख्रिस्ती बाई होती, मूळची गोव्याची. आम्ही तिला नुसतं बाय म्हणायचो. तिच्या दारात तू ओळखपाळख नसताना उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मला माझं पोलकं बेताय शिकवा. दुसऱ्यानं माप घेतलेलं मला चालायचं न्हाय." बायनं तुला खालीवर बघितलं. खाकी कागद काढला, दुमडला आणि अर्ध्या अंगाचा नमुना आखून दाखवला. गळा इथं, खांदा इथं, मुंढा असा वळतो, छातीला उभार पाहिजे तिथं हा चिमटा. उलगडला की दोन बाजू सारख्या. तू घरी येऊन तसंच आखलंस, दुमडून. दुसऱ्या खेपेला बायनं तो कागद बघितला आणि म्हणाली, "दोन्ही बाजू सारख्या कशाला काढतेस गो? तुझ्या आहेत का सारख्या?" तुझा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं आता तू उठून जाशील. तू म्हणालीस, "न्हाईत." बाय म्हणाली, "मग कागद दुमडू नको. डावीचा वेगळा, उजवीचा वेगळा."

मापपट्टीवरचे आकडे तुला वाचता यायचे नाहीत. तू मागावरची सुतं घेतलीस. खांद्याला लाल, पाठीला पिवळं, डाव्या छातीला हिरवं, उजव्या छातीला जांभळं. अंगाला लावायचं आणि बरोबर तिथं तोडायचं. मागच्या खोलीचं दार लावून तू उघड्या अंगानं उभी आहेस, खिडकीतून ऊन तुझ्या गळ्यापर्यंत आलंय. पाठीचं माप तुला एकटीला घेता येत नाही म्हणून मला आत घेतलंस. मी कसंबसं सूत लावते, नजर भिंतीकडं. तू वळलीस आणि ओरडलीस, "डोळं मिटून माप घेतीस व्हय? बघ की नीट. माझंच हाय." मी बघितलं. काखेपासून छातीच्या हाडापर्यंत ओढून शिवल्यासारखी लालसर कातडी, तिच्याखाली फासळ्या. मला रडू आलं. तू मात्र बोट लावून मला दाखवत होतीस, हितं खोल हाय, हितं कातडं ताठ हाय, हितं कापड घासाय नको. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालीस, "एवढी वरसं झाली, माझं आंग मी पयल्यांदा बघतीया."

पहिलं पोलकं बिघडलं. मुंढा अरुंद झाला, तुला हातच वर करता येईना. तू उसवलंस. दुसऱ्याची डावी बाजू खांद्यावरून घसरायची. त्या दिवशी तू माझ्यावर, चरखा चुकीच्या जागी ठेवला म्हणून आप्पांवर, सगळ्यांवर चिडलीस, जेवली नाहीस. तिसरं बसलं. डावीकडं सपाट, चिमटा नाही, मुंढ्याखाली कापडाची छोटी चौकोनी पट्टी, हात मोकळा हलावा म्हणून. शेजारच्या घरच्या बारशाला तू ते घालून निघालीस तेव्हा आप्पा उंबऱ्यात आडवे आले. हळूच म्हणाले, "आत कायतरी घाल की. लोकं बघत्यात." तू म्हणालीस, "बघू द्यात. कापूस पडल्याला बघितलाय त्यांनी, ह्ये बी बघतील." आणि गेलीस. त्या दिवशी दिवा लागेपर्यंत आप्पांचा माग चालला नाही. त्यांना लाज वाटली का तुझं कौतुक वाटलं, हे मला आजही कळलेलं नाही. मला तर तेव्हा दोन्ही एकदम वाटलं होतं.

मी सासरी परतायच्या आधी तू मला दारामागं उभं केलंस आणि माझं माप माझ्याकडून घेववलंस. मी म्हणाले, माझ्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. "कुणी सांगितलं?" म्हणालीस, "घे दोन्ही." आणि खरंच सारख्या नव्हत्या, उजवा खांदा बोटभर खाली होता. दर सालाला नवं माप घे म्हणालीस, आंग बदलत राहतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर ते दुखणं पुन्हा उठलं, या वेळी पाठीत. तू अंथरुणाला खिळलीस आणि मी परत आले. एका सकाळी तुझं अंग पुसताना मी विचारलं, "आये, ते वरीसभर तू कुणाला का सांगितलं न्हाईस?" मला वाटत होतं तू लाजेचं काही बोलशील. "रोज सांगणार हुते," म्हणालीस. "तुझ्या आप्पाला जेवायला वाढलं की सांगू म्हणायची. मग वाटायचं, निवांत जेवू दे बिचाऱ्याला. उद्या सांगू." मग म्हणालीस, "लई बरं वाटायचं गं, उद्या म्हटलं की." त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. तुझी पोलकी माझ्या थोरल्या आक्कानं नेली, उसवून दुपटी केली.

सोमवारी रात्री मी तुझ्या जावयांना भाकरी वाढली. आता सांगावं म्हणून समोर बसले. त्यांनीच विचारलं, "पोलकं बेतलंस का?" मी म्हणाले, कापड कमी पडतंय. काल त्यांचं डोकं दुखत होतं. आज सकाळी वखारीत माल यायचा होता म्हणून ते घाईत होते. माणूस चांगला आहे. सांगितलं तर रजा काढून आजच मोटारीत घालून नेईल. मला त्याचीच भीती वाटते, की तो लगेच नेईल आणि मग ते खरं होईल. मघाशी पुन्हा दार लावून बोट लावून बघितलं. आहे तिथंच आहे. आता ते एवढंसं आहे, तुझ्यासारखं वाढू दिलेलं नाही, एवढंच मनाला सांगत फेऱ्या घालतेय.

तुला लिहिलं म्हणजे धीर येईल, असं म्हणून मी हा कागद घेतला होता. ते खोटं आहे. तुला सांगितलं की कुणाला तरी सांगितल्यासारखं होईल आणि आजचा दिवस निभावेल, म्हणून घेतला. दुपारभर तसं बरंही वाटलं. आता अंगणात त्यांची सायकल टेकल्याचा आवाज आला, पाय धुवायला पाणी मागतायत. अजून चार ओळी लिहिल्या तर आजही सांगायचं राहून जाईल. उठते.