बुडाला दोन भोकं

६ जानेवारी, सकाळी ७.१०
नवी वही. महापेच्या ऑफिसात फुकट वाटत होते. उद्देश: कलेक्शनची शिस्तीत नोंद. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही.
विषय: जुन्या, हाताने घडवलेल्या, ग्लेज न केलेल्या जपानी बोनसाय कुंड्या. सध्याची संख्या: एक.
गॅलरीत तेलाच्या डब्यात पप्पांचा वड आहे. बावीस वर्षांपूर्वी मिठागराच्या बांधावरून उपटून आणला, डब्यात लावला, तो कोपराएवढाच राहिला. बोनसाय हा शब्द पप्पांना माहीत नव्हता. त्याला शोभेल अशी कुंडी घेऊन त्यात लावायचा. डेडलाइन: येता रविवार.
पप्पांना जाऊन सव्वीस दिवस झाले. मी ठीक आहे. सगळे विचारतात म्हणून लिहून ठेवतो.

१२ जानेवारी, रविवार
लागवड पुढे ढकलली. कुंडी गोल आहे. वडाला चौकोनी लागते. असल्या बाबतीत घाई करून चालत नाही.
पनवेलच्या कासिमभाईंकडे गेलो. त्यांचा भाऊ जहाजावर असतो, जुनं जपानी सामान आणतो. त्यांनी एक चौकोनी कुंडी हातात दिली आणि झाडाचा फोटो मागितला. माझ्या फोनमध्ये कुंड्यांचे एकशे चौदा फोटो निघाले. झाडाचा एकही नाही.

१९ जानेवारी
नवीन कुंडीच्या बुडाला कारागिराचा शिक्का आहे. भाषांतराच्या ॲपने वाचला: 'उत्तरेचा डोंगर'. उजेडात परत वाचला: 'तळलेला मासा'. दोन्ही अर्थ खोल आहेत.
ग्लेज नसलेल्या मातीला हात लावून लावूनच तेज येतं. तीस वर्षं लागतात म्हणे. रोज वीस मिनिटं चोळायचं ठरवलं. झाडाला पाणी घालायला वेळ उरत नाही, ते आई बघते. मासळी धुतलेलं पाणी घालते, पप्पा घालायचे तसंच. जपानी पद्धतीत हे बसत नाही असं तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि घातलं.

२ फेब्रुवारी
हॉलमध्ये टीव्हीखाली पाच कुंड्या. आईने आज पहिल्यांदा एक उलटी करून बघितली. बुडाला दोन भोकं. चहा ठेवला. मग म्हणाली, "रुपेश, भोकाचं रिकामं मडकं घरान ठेवायचं नाय."
आत गेल्यावर भाविकाने बायकोच्या नात्याने खुलासा केला, की आईंना स्मशानातलं मडकं आठवत असेल. खांद्यावर घेतात ते, प्रत्येक फेरीला दगडाने भोक पाडतात ते. मी म्हटलं, माहीत आहे, माझ्याच खांद्यावर होतं. पाणी पाठीवरून चड्डीपर्यंत गेलं होतं. मग मागे न बघता टाकायचं. मी टाकलं, ते गवतावर पडलं, फुटलंच नाही. काकांना दगड घालून फोडावं लागलं. लोक बघत होते.
कलेक्शनशी याचा काही संबंध नाही. आईचा मुख्य आक्षेप: भोकं.

४ फेब्रुवारी
तोडगा निघाला. पाचही कुंड्यांची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली. टेम्पररी. आईला दाखवलं. ती कुंडीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. पसंत पडलं असावं. कासिमभाईंना कळता कामा नये.

२३ फेब्रुवारी
सात कुंड्या. दोन नवीन आल्या त्या दिवशीच बुजवल्या, आता हात बसलाय.
भाविका म्हणाली की तुला झाड लावायचंच नाहीये. चुकीचं निदान. पाडव्याला लावणार. मुहूर्त आहे, रविवार आहे, अजून काय पाहिजे?
ऑफिसमध्ये एचआरने विचारलं, कोणाशी बोलायचंय का. मी जपानमधल्या टोकोनामे गावच्या मातीबद्दल बोललो. चाळीस मिनिटं. ती छान ऐकते.

३० मार्च, गुढीपाडवा
लावलं!
सगळ्यात जुन्या चौकोनी कुंडीत, तळलेल्या माशावाल्या. झाड डब्यातून सहज निघालं. नियमाप्रमाणे एक तृतीयांश मुळं छाटायची होती. तीन छाटली, मग कात्री ठेवून दिली. बाकीची दाबून बसवली. एक फांदी आड येत होती ती कापली. आईने ती उचलून नेली, जळणाला असेल. गॅसवर जळण कशाला, विचारलं नाही.
इथून पुढे पाणी फक्त मी घालणार. सकाळ-संध्याकाळ. मासळीचं बंद.

९ एप्रिल
पाणी वर तरंगतं. ओल धरून ठेवायची ताकद बघा. जुनी माती ती जुनी माती.

१६ एप्रिल
अकरा पानं पिवळी. ऋतू बदलतोय. पाणी वाढवलं.

२४ एप्रिल
गॅलरीत वास. मी आईला मासळीच्या पाण्याबद्दल विचारलं. तिने झाडाला हातही लावलेला नाही म्हणे.
कासिमभाईंना फोन. त्यांनी विचारलं, खाली पाणी उतरतं ना. मी अभिमानाने सांगितलं की ताटली एकदम कोरडी, एक थेंब सांडत नाही. फोन कट झाला. नेटवर्क गेलं असेल.

२५ एप्रिल
नेटवर्क गेलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार
पानं सगळी गेली. सकाळी खिळा आणि हातोडी घेऊन बसलो, भोकं मोकळी करायला. कुंडी कलती केली, सिमेंटवर खिळा धरला, हलकेच ठोकला.
एका फटक्यात फुटली. मधोमध दोन तुकडे. मुळं काळी पडलेली, बोटांत लगदा येत होता. पप्पांचा वड मी बुडवून मारला. दुसरं काही कारण लिहायला सुचत नाहीये.
आई मागे उभी होती. वॉशिंग मशीनच्या मागून तेलाचा डबा घेऊन आली. मला वाटलं होतं तो भंगारात गेला. डब्यात पाडव्याला कापलेली फांदी उभी. चार पानं, हिरवी.
डबा उचलून बघितला. बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, नऊ. पप्पांना सरळ रेषेत खिळा ठोकता यायचा नाही. मी आईला म्हटलं, हे पण भोकाचंच आहे की. मग मी तिथे एवढं सिमेंट कशाला घातलं?
आई म्हणाली, "मी रिकाम्याचं बोलले व्हते, रुपेश. ह्याच्यान झाड हाय."
तुकडे उचलून मी आत निघालो. फुटल्यावर मागे बघायचं नसतं. मी बघितलं. ती मासळीचं पाणी घालत होती आणि ते नऊ भोकांतून गळून खालच्या मजल्यावरच्या प्रियदर्शिनी मॅडमच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडत होतं. त्या खालून ओरडल्या. सॉरी म्हणायला वाकलो. रडत होतो. सकाळचे अकरा चाळीस.
आईने पाणी थांबवलं नाही.