सुजितची क्रिस्टलं

विमल गिरणीवरून दळण घेऊन आली, तेव्हा फ्रिजवर नवऱ्याची, बन्सीची चिठ्ठी होती.

"विमल, सुजितच्या कपाटातला क्रिस्टलचा डबा घेऊन पारनेरला निघालोय. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. तिथल्या कॉलेजातल्या मुली वायरलेस संच बांधतायत. लष्कराच्या भंगारातली ही जुनी, संचाची लहर पक्की धरणारी क्रिस्टलं त्याला चालतात. सुजितनंही त्यासाठीच जमवली होती. भात कुकरमध्ये आहे. तुझं मन घेत नसेल तर फोन कर, डबा परत आणतो."

मुलगा सुजित गेल्यापासून विमलनं त्या कपाटाला कोणाला हात लावू दिला नव्हता. कपाट उघडून डब्याची रिकामी जागा पाहताच ती तिथंच खाली बसली. बऱ्याच वेळानं तिनं फोन लावला.

"बस मिळाली का?"

"न्हाई अजून. माळीवाडा स्टँडवरच हाय," बन्सी म्हणाला. "परत येऊ का?"

"या."

"बरं. येतो डबा घेऊन," तो म्हणाला.

"एक क्रिस्टल माझ्या उशाखाली राहिलंय," ती म्हणाली. "ते घ्या, अन् मला बी संगं न्या. त्या मुलींचा संच बोलतो कसा, ते ऐकायचंय मला."