चौऱ्याहत्तरचा डिसेंबर अंक

४ नोव्हेंबर, सोमवार

मर्लने आज मला तीनदा ‘म्हातारड्या कवड्या’ म्हटलं, मी कविता करतो म्हणून. म्हणजे तब्येत बरी आहे!

ऑक्टोबर १९७३ चा लेख वाचून दाखवला. त्याचे डोळे गेले त्याला दोन वर्षं झाली, आता हृदयानेही अंग काढून घेतलंय. वृद्धाश्रमातल्या त्या खुर्चीत तो डोंगराकडे तोंड करून बसतो. दिसत काही नाही, पण तोंड बरोबर तिकडेच.

मार्चपासून रोज दुपारी जातोय. अ‍ॅन्सेल थॉर्नगेटचं शिकारीच्या मासिकातलं ‘ओले बूट’ हे सदर, १९५८ च्या पहिल्या अंकापासून, ओळीने. खोकं भरून आणलेली मासिकं आता तळाला आलीत.

मीच त्याला म्हटलं होतं, तुझ्या त्या कर्नल रूसचे लेख वाचू का? तर म्हणाला, “कर्नलचं मला पाठ आहे. तुझ्या त्या शाई पिणाऱ्याचं वाच. निदान झोप तरी लागेल!”

झोपत मात्र नाही. एकदाही नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

थंडी. ओकची पानं गळली, बीचची अजून चिकटून आहेत, कागदासारखी वाजतात.

आज घरी बसून थॉर्नगेटचाच विचार करत होतो. आताच्या मुलांना काय सांगायचं, की एका लेखकासाठी आम्ही महिनाभर वाट पाहायचो! अंक यायचा. शिकारीच्या कॅम्पवर कंदिलाखाली मी मोठ्याने वाचायचो, चुलीवर बीन्स करपायच्या, आणि सहा दांडगे पुरुष चिडीचूप. गोळीचा वेग, नळीची लांबी, वारा किती धरायचा, हे तर सगळेच लिहायचे. कर्नल रूस तर फक्त तेच लिहायचा. मोठी गोळी, जड गोळी, आणि हरीण आडवं. संपला लेख!

थॉर्नगेटचं तसं नव्हतं. एकदा त्याने लिहिलं होतं, “हरीण दिसायच्या आधी जंगल गप्प होतं. मी त्या गप्प होण्यासाठी जातो. हरीण आलं तर आलं.” मी वीस वर्षांचा होतो. लाकडाच्या गिरणीत नुकता लागलेलो, कानात दिवसभर करवतीची किंकाळी. ते वाक्य वाचलं आणि वाटलं, मिस प्रुइटच्या वर्गात आम्ही ज्या कविता घोकल्या त्यांचा कुणीतरी सख्खा भाऊ बंदूक घेऊन हिंडतोय!

मिस प्रुइट. एका खोलीची शाळा. शुक्रवारी उभं राहून कविता म्हणायची. मर्लला दुसऱ्या कडव्यापुढे कधी आठवलं नाही. मी मागच्या बाकावरून ओठ न हलवता सांगायचो, तो तेवढं म्हणायचा. बाईंना कळत असणार. कधी बोलल्या नाहीत.

थॉर्नगेटने त्या हलक्या गोळीच्या रायफलची तारीफ केली म्हणून बासष्टला मी आणि मर्लने एकाच दुकानातून, एकाच दिवशी, तीच रायफल घेतली. बारा हंगाम जोडीने वापरली. आणि चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात मर्ल अचानक कर्नलच्या पार्टीत गेला! जड बंदूक घेतली. जुनी कपाटात ठेवली ती ठेवलीच. थॉर्नगेटचं नाव काढलं की थुंकायचा.

“का रे?” मी विचारलं होतं.

“माणूस बदलतो,” म्हणाला. बस्स.

११ नोव्हेंबर, सोमवार

नोव्हेंबर १९७४ वाचून झाला. राहिला एकच. डिसेंबर.

आणि तोच नाही.

कॅम्पवरच्या अंकातलं ते पान कापलेलं आहे. अगदी सरळ, सुरीने. त्या वेळी मर्ल म्हणाला होता, “चुलीला लावलं असेल कुणीतरी.” आणि माझ्या घरचा अंक आलाच नाही! आमच्या रस्त्याचं टपाल मर्लच टाकायचा. एकतीस वर्षं. बर्फात जीप अडकली की पिशवी खांद्यावर घेऊन चालत यायचा. सगळ्या जिल्ह्यात सांगत फिरायचा, “आपल्या हातून एक पोस्टकार्ड हरवलं नाही!” की मी म्हणणार, “एक हरवलं ना! माझा डिसेंबरचा अंक!” पंचेचाळीस वर्षं मी हा टोमणा मारतोय. कॅम्पवर, लग्नात, त्याच्या निवृत्तीच्या जेवणात भर सभेत. सगळे हसतात. मर्ल खाली बघतो.

एरवी जिभेला हाड नसलेला माणूस. यावर मात्र गप्प.

त्या अंकाचं एवढं काय, ते या वहीला सांगायला हरकत नाही. त्या वसंतात मी थॉर्नगेटला एक कविता पाठवली होती. आयुष्यात एवढी एकच बाहेर पाठवली. मर्लच्या हातात पाकीट दिलं तेव्हा त्याने ते तळहातावर तोललं. “काय रे, प्रेमपत्र?” माझे कान लाल!

थॉर्नगेट वाचकांना टपालाने उत्तर देत नसे. द्यायचं तर सदरातच द्यायचा. मी मेपासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक अंक शेवटापासून उघडला. काही नाही. जानेवारीत तो वारला. म्हणजे उत्तर असलंच तर त्या एका पानावर.

आज मर्लला म्हटलं, “तेवढा एक अंक राहिला बघ.”

त्याने तोंड डोंगराकडे वळवलं. मग म्हणाला, “टपाल फेकता येत नाही, एल्डन. जाळताही येत नाही. एकदा पिशवीत आलं की ते त्या माणसाचं.”

औषधांची गुंगी असेल.

१३ नोव्हेंबर, बुधवार

रोवीना आली होती. मर्लची मुलगी. तिने फोनवर पाच मिनिटांत शोधून काढलं! ओहायोत कुणा माणसाकडे तो अंक आहे. म्हणाली, “काका, पण यायला दोन आठवडे लागतील.” मग मला बाहेर व्हरांड्यात नेलं. डॉक्टर म्हणतात, बाबांकडे दोन आठवडे नाहीत.

तरी मागव म्हटलं.

“मागवणारच होते. पण बाबा म्हणाले, मागवलास तर याद राख.”

आत जाऊन त्याच्यावर ओरडलो. “सतरा वर्षांची पानं वाचली तुला, घसा बसला माझा! शेवटचं नको?”

“सोड ना गड्या. पुन्हा अठ्ठावन्नपासून सुरू कर.”

“तेवढा वेळ आहे का तुझ्याकडे?” बोलून गेलो. जीभ झडायला हवी होती.

तो हसला. “तुझ्याकडे तरी कुठाय?”

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो नाही. टेबलाशी बसलो. चार कागद फाडले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

झालं. तीन पानं.

थॉर्नगेटचा डिसेंबरचा लेख मी लिहिला.

एवढ्या वर्षांत त्याचा आवाज कानात इतका मुरलाय की दोन ओळींनंतर मला पेन ढकलावं लागलं नाही. हंगामाचा शेवटचा दिवस. म्हातारा शिकारी. बंदूक भरलेली, पण हात खिशात. खाली ओढ्यावर हरणी पाणी पिते. तो मोजत बसतो, आणखी किती डिसेंबर. सोपं लिहिलं. त्याला विशेषणं आवडत नसत, मला फार आवडतात. सगळी खोडली.

आणि शेवटी... लाज वाटते लिहायला. शेवटी मी स्वतःलाच उत्तर दिलं. “पेनसिल्वेनियाच्या डोंगरातून गिरणीतल्या एका माणसाने कविता पाठवली आहे. ती खिशात घालून मी जंगलात नेली. झाडाला टेकून वाचली. तेवढ्यात समोरून नर निघून गेला असेल तर मला कळलं नाही, आणि त्याचं दुःखही नाही.”

एक्याऐंशी वर्षांचा माणूस आंधळ्या मित्राला फसवायला निघालाय. मिस प्रुइट काय म्हणाल्या असत्या?

पण हे शेवटचं पान त्याला मिळायलाच हवं. की मला?

१७ नोव्हेंबर, रविवार

वाचलं.

आधी थाप मारली, “जुन्या पुस्तकांच्या दुकानात अंक मिळाला.” मांडीवर दुसराच कुठला तरी अंक उघडून ठेवला, पान उलटल्याचा आवाज यावा म्हणून! घाईघाईने सुरू केलं. मर्ल म्हणाला, “सावकाश वाच. गाडी चुकत नाहीये.”

वाचताना त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. कवितेपाशी आलो तेव्हा आवाज फाटला. ओळ सुटली. तर मर्लनेच हात लांब केला, चाचपडत माझं मनगट धरलं, म्हणाला, “पुढे? नर निघून गेला, मग?”

पुढे वाचलं.

संपल्यावर मी अंक मिटला. मग मर्ल म्हणाला, “हेच. अगदी हेच लिहिलं होतं त्यानं. शब्दन् शब्द.”

“तू वाचला होतास?” मी दचकलो.

“वाचला असेन. टपाल्याला सगळं वाचायला मिळतं.” आणि लगेच, “बघ! दिलं होतं ना त्यानं उत्तर! उगाच रडत होतास जन्मभर.”

माझा मर्ल. मला बरं वाटावं म्हणून वाचल्याची थाप मारतोय, आणि मी त्याला! दोन थापाडे म्हातारे. निघताना त्याने हाक मारली, “ए कवड्या! चांगलं होतं रे ते.”

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मर्ल गेला. सकाळी, कॉफी यायच्या आधी.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पुरला त्याला. जमीन अजून गोठलेली नाही, खणणाऱ्याला त्रास झाला नाही. चर्चच्या तळघरात जेवण. हॅम, बटाट्याचं सॅलड, आणि रोवीनाने भाजलेला भोपळ्याच्या गोड सारणाचा ‘पाय’. लोक मर्लच्या जीपचे किस्से सांगत होते. कुणीतरी म्हणालं, “एक टपाल हरवलं नाही पठ्ठ्याने!” आणि सगळे माझ्याकडे वळले. टोमण्याची वाट बघत!

मला जमलं नाही.

निघताना रोवीनाने गाडीतून लांब पिशवी काढली. “काका, ही तुमची. बाबांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं.” बासष्टची रायफल. कपाटातली. माझ्या रायफलीची जुळी बहीण.

“आणि म्हणाले, त्याला सांग नीट साफ कर. नुसती नळी नाही, मागचा लाकडी दस्तासुद्धा. आळशी आहे तो.”

तिथेच तिला सांगणार होतो की मी तुझ्या बापाला फसवलं. पण तिच्या हातात रिकामी भांडी होती. घरी आलो.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. एकट्याने कुट्टूच्या पिठाची धिरडी खाल्ली.

३० नोव्हेंबर, शनिवार

शिकारीचा हंगाम उघडला. यंदापासून शनिवारी! एवढी वर्षं सोमवार म्हणजे सोमवार, त्या दिवशी गिरणी बंद, शाळा बंद. मर्ल असता तर सरकारला पत्र लिहिलं असतं आणि स्वतःच नेऊन टाकलं असतं.

वाटलं होतं कॅम्प उघडायलाच नको. पण पहाटे धुराड्यातून धूर! रोवीनाने चूल पेटवली होती. “बाबांची जागा रिकामी ठेवायची का?” एवढंच म्हणाली.

मी मर्लची रायफल नेली. नेम तपासायला म्हणून काल फक्त दोन गोळ्या झाडल्या होत्या. हेमलॉकच्या खोडाला टेकून बसलो. साडेआठला जंगल गप्प झालं. खरंच झालं! आणि नर आला. आठ टोकांच्या शिंगांचा, कड्याच्या वर, साठ पावलांवर. साठ! पोरानेसुद्धा मारला असता.

चुकला.

चुकला की मी चुकवला, माहीत नाही. डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याने.

आमच्या कॅम्पचा कायदा आहे. नेम चुकला की शर्टाची शेपटी कापायची आणि नाव-तारीख लिहून भिंतीवर खिळ्याने ठोकायची. भिंतभर चिंध्या आहेत, निम्म्या माझ्या. दर वेळी मर्लच कापायचा, सुरीला धार लावत, हसत, गरजेपेक्षा वीतभर जास्त. आज मी शर्ट बाहेर काढून चुलीपाशी उभा राहिलो. आणि कापायला कुणी नाही.

“वळा,” रोवीना म्हणाली. बापाची सुरी तिच्याकडेच होती. एका झटक्यात, सरळ कापली. कड अशी की फुटपट्टीने आखावी.

“कुठे शिकलीस गं?”

“बाबा काहीही कापायचे ते असंच.”

१ डिसेंबर, रविवार

बर्फ. घरी. काल गोळी झाडताना रायफलीचा दस्ता खांद्याला लागला तेव्हा टोकाची लोखंडी पट्टी किंचित हलली होती. उद्या बघतो.

२ डिसेंबर, सोमवार

पट्टीचे दोन स्क्रू काढले. आत दस्त्यात पोकळी. तीत मेणकागदाची सुरळी. मेणकागदात दोन पानं, एकात एक. डिसेंबर १९७४, ‘ओले बूट’. एक कॅम्पच्या अंकातलं. दुसऱ्यावर माझ्या नावाचा, माझ्या पत्त्याचा छापील कागद कापून डकवलेला.

थॉर्नगेटने माझ्या चार ओळी छापल्यात. माझ्या नावासकट, गावासकट. खाली लिहिलंय, “हे गृहस्थ गिरणीत काम करतात म्हणे. लाकडाचा भुसा कुठे जातो ते आता कळलं. कृपा करून बंदूकवाल्यांनी कविता करू नयेत, आणि यांनी तर दोन्हीही करू नयेत.”

आणि सतरा तारखेला मर्ल माझं मनगट धरून म्हणाला होता, हेच, शब्दन् शब्द.

टपाल हरवलं नव्हतं, मर्ल. आज पोचलं.