रविवारी वाघोलीला जाण्याबद्दल

प्रेमला,

न्हाणीघरातल्या बादल्या शोधू नकोस. गाडीबरोबर त्याही शाळेच्या मैदानात नेल्या आहेत. भरलेल्या बादल्या थोड्या अंतरावर ठेवून मधल्या जागेत गाडी मागे घ्यायची, असा सराव गाडी शिकायच्या पुस्तकात दिला आहे. नऊपर्यंत येतो.

आपला तेजस कंपनीकडून अमेरिकेला गेला, तेव्हा गाडी आपल्या दोघांसाठी ठेवून गेला होता. पण चालवतेस तू आणि शेजारी बसतात खालचे बापूराव. काल फाटकाजवळच्या चढावर गाडी बंद पडली, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, क्लच हळू सोडा, गाडी काय चावते का?" तू केवढी हसलीस! मला गॅलरीत ऐकू आलं.

ते उत्तम शिकवतात, हे कबूल आहे. मी पुस्तक वाचूनही तिसऱ्या गिअरच्या पुढे गेलेलो नाही. तरी रविवारी आपण दोघं लेकीकडे वाघोलीला जाणार आहोत, तिथे "मीही येतोय हं" असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं, ते आवडलं नाही. त्यांना नको म्हण. तोंडावर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

चालव तूच. शेजारी मी बसेन आणि काही शिकवणार नाही. घाबरायचंच असेल, तर दोघं मिळून घाबरू.

श्रीधर