पेपर देऊनच या

आई,

बाळाला पहाटे ताप भरला, म्हणून हे आणि मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे निघालोय. तुम्हाला मुद्दाम उठवलं नाही. मागच्या वर्षी त्याला नुसत्या शिंका आल्या, तर तुम्ही अकाउंट्सचा पेपर बुडवून त्याला मांडीवर घेऊन बसलात. यंदा ते चालायचं नाही. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे तुमचं.

ताप फार नाही. मी सारखी बघतेय, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. दूध प्यायलाय, माझे केसही ओढून झालेत.

डबा ओट्यावर आहे. कॅल्क्युलेटर तुमच्या पर्समध्ये टाकलाय. प्रत्येक अ‍ॅडजस्टमेंट दोन ठिकाणी दाखवायची. तुम्ही एका ठिकाणी लिहिता आणि कुकर बघायला उठता. तिथे कुकर नाहीये. ताळेबंद नाही जुळला तर रडत बसू नका, सरळ पुढचा प्रश्न घ्या.

दवाखान्यात येऊ नका. आलात तर यांना सांगून ठेवलंय, आईंना तस्सं उचलून परीक्षेला नेऊन सोडायचं.

खरं सांगू? तो आजारी असताना तुम्ही जवळ नसलात की माझे हातपाय गार पडतात.

तरी जा.

सूनबाई